व्यवसायाच्या रकान्यात

व्हिसा आला, असा फोन आला तेव्हा मी
बालेवाडीच्या टॉवरात, चौदाव्या-पंधराव्याच्या मधे,
लिफ्टच्या टपावर बसून रेलला तेल देत होतो.
खालून कुणीतरी बटण दाबत होतं, दाबतच होतं.

संध्याकाळी सोलापूर बाजारात
चष्म्याच्या दुकानावरचा लाकडी जिना चढलो.
कागद अरबीत. खाली बारीक इंग्रजीत माझं नाव,
आबांचं नाव, आडनाव कोकरे,
आणि व्यवसायाच्या रकान्यात
मेंढपाळ.

अरे, फक्त कागदावर, डिमेलो मॅडम म्हणाल्या.
लिफ्टवाल्यांचा कोटा संपलाय कंपनीचा.
कफीलाचं तिकडं आत वाळवंटात फार्म आहे,
तिथली एक जागा शिल्लक होती.
उतरलास की हातात तोच पाना, तोच मल्टिमीटर,
दीडशे दिनार, राहायला खोली.
आणि कुणी तपासलं तर?
मॅडमनी वर पंख्याकडं पाहिलं.
शुक्रवारपर्यंत सांग म्हणाल्या,
मग परत एकदा माझं आडनाव वाचलं
आणि हसू गिळायला पाण्याचा ग्लास उचलला.

औंधच्या आयटीआयचं माझं सर्टिफिकेट
पाच शिक्के खाऊन आलं होतं मुंबईहून,
प्रत्येक शिक्क्याला वेगळी पावती.
मेंढपाळाला सर्टिफिकेट लागत नाही.
मेडिकल लागतं, ते झालं होतं:
जीभ काढा. पापणी ओढा. छाती भरा, धरा, सोडा.
जांभळ्या शाईत फिट.
चाकणच्या बाजारात आमी दात बी बघायचो,
आबा म्हणाले होते तेव्हा, गंमत म्हणून.

त्यांनी ब्याण्णव मेंढरं विकली
आणि भोसरीत फोर्जिंगच्या शेडला लागले.
पोरगं मेंढरामागं नको, एवढंच बोलले म्हणे.
घोंगडं आजही माळ्यावर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला गाठ.

कागद त्यांच्यापुढं धरला. वाचता येत नाही, तरी बघत राहिले.
कफील म्हंजे?
म्हणजे आपल्याला बोलावणारा मालक. त्याच्या नावावर आपण राहायचं.
असं व्हय. आमाला बी असायचा.
ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, रातीपुरता त्यो धनी.
पायलीभर जुंधळं द्यायचा, लेंड्या त्याच्या.
थोडं थांबून म्हणाले,
पर सकाळच्याला वाघर आमी गुंडाळायचो.
तितं वाघर कुनाच्या हातात?

मला वाघर म्हणजे काय तेच आठवेना.
बायको म्हणाली, जाळी. मेंढरांभोवती रात्री लावतात ती.
तिनं भांडी घासत पाठमोरंच सांगितलं,
आणि जा किंवा जाऊ नको, यातलं काही नाही बोलली.
हप्ता तिच्याही पगारातून जातो.

आज गुरुवार.
आबा मला शिकवतायत. इमानतळावर इचारलं तर?
खुरी लागलेलं मेंढरू गुडघे टेकून चरतं.
पाठीवर हात टाकला की समजतं
पोटात चारा हाय का नुसता वारा.
आन् मोजायचं नस्तं रे,
कोन न्हाई ते बघायचं अस्तं.
एकतीस वर्षांत यातलं एक अक्षर
त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मग जीभ टाळूला लावून त्यांनी हाक दिली.
खोली दहा बाय बारा, हाक माळरानाच्या मापाची.
शेजारचा टीव्ही गप्प झाला.
मला जमली नाही. तीनदा केली, तीनदा थुंकीच उडाली.
जमली ती रेवूला, पाच वर्षांच्या,
पांघरुणातून, अर्धवट झोपेत,
पहिल्याच झटक्यात.

आबा पाणी प्यायला उठले होते.
तांब्या तोंडाशी तसाच ठेवून
त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं,
मागून किती येतायत ते.